सात अंशांखालचे तास

ऑक्टोबरातल्या एका सकाळी दूध घेऊन येताना पायवाटेवर शेजारची आमा, म्हणजे आजी, भेटली. पाठीवर गवताचा एवढा मोठा भारा, की त्याखालून फक्त तिचे पाय आणि कमरेला खोचलेला विळा दिसत होता. बांधाला भारा टेकवून ती थांबली, श्वास घेतला आणि मला विचारलं, "जाड़ों में तो नीचे जाओगे ना?" मी म्हटलं, नाही आमा, आम्ही इथेच राहणार आहोत. ती एवढंच म्हणाली, "अच्छा." भारा पुन्हा पाठीवर घेतला आणि चढाला लागली. तो "अच्छा" माझ्या डोक्यातून जाईना. त्यात काळजी होती, की बाहेरून आलेली माणसं असंच बोलतात आणि डिसेंबरात सामान बांधतात हे ठाऊक असल्याची खात्री होती, कोण जाणे. पुढच्या दिवसांत किराणावाल्याने तेच विचारलं, सिलिंडर आणणाऱ्या मुलाने तेच विचारलं. नाही म्हटलं की दुसरा प्रश्न ठरलेला असायचा, "लकड़ी हो गई?"

आम्ही पुण्याहून इथे, उत्तराखंडातल्या नैनीताल जिल्ह्यात, मुक्तेश्वरच्या अलीकडच्या एका धारेवर, म्हणजे डोंगराच्या कण्यावर, मे महिन्यात आलो. भाड्याचं जुनं दगडी घर. खाली गुरांचा गोठ, वर चाख म्हणजे बैठकीची खोली, छपराला पाथर म्हणजे दगडी फरशा आणि समोर फरशांचं पटांगण. आलो तेव्हा जर्दाळू पिकत होते, मग आलूबुखारे, मग पीच. त्यानंतर पावसाळा, आणि पावसाळाभर घराभोवती नुसतं धुकं. कपडे वाळत नव्हते, मीठ सुटत नव्हतं. सप्टेंबरच्या शेवटी एका पहाटे दार उघडलं तर समोर त्रिशूल, नंदादेवी, नंदाकोट, सगळी रांग उभी. उन्हाळ्यात धुरकट हवेत जिथे आकाश आहे असं समजत होते, तिथे पर्वत होते, आणि माझ्या अंदाजापेक्षा कितीतरी उंच. त्या दिवशी आमच्या घरात वेळेवर काहीच झालं नाही.

इथला शरद सिनेमातल्यासारखा लाल-पिवळा असेल असं वाटत होतं. तसा तो नाही. जंगल बांजाचं, म्हणजे इथल्या ओकचं, आणि बांज काही पानं टाकून उघडा होत नाही. चीड, म्हणजे पाइन, आणि देवदारही हिरवेच. रंग बदलतात ते माणसांनी लावलेल्या जागी. आधी चौलाईची शेतं पेटल्यासारखी गर्द लाल होतात. चौलाई म्हणजे आपला राजगिरा, पण एवढ्याशा फिक्या दाण्यामागे असला रंग उभा असतो हे उपासाचे लाडू खाताना कधी मनात आलं नव्हतं. मग अक्रोड पिवळा पडतो, नाशपाती तांबूस होते, आणि सगळ्यात शेवटी, फारशा उत्साहाशिवाय, सफरचंद. छपरांवर भोपळे येतात, माच्यांना मक्याची कणसं लटकतात, पाथरांवर मिरच्या पसरतात. आणि बायका गवत कापत राहतात. सकाळपासून अंधार पडेपर्यंत, उभ्या उतारावर, एका हाताने मूठ धरून दुसऱ्या हाताने विळा ओढत. कापलेलं गवत खांबाभोवती किंवा झाडावर रचून त्याची लूट करतात, म्हणजे आपल्याकडची गंजीच, फक्त उंच आणि निमुळती. मार्चपर्यंत गुरांना हेच, आणि वर बांजाचा पाला. सप्टेंबरच्या मध्यावर खतड़ुव्याचा सण झाला तेव्हा पोरांनी चौकात आगटी पेटवली, मशाली गोठ्यातून फिरवल्या, गुरांची रोगराई जाऊ दे म्हणून हाका घातल्या आणि काकड्या वाटल्या. तेव्हा अंगावर साधा स्वेटरही नव्हता. या लोकांनी मात्र त्याच दिवशी हिवाळा धरला होता.

पुण्याच्या मैत्रिणींचे फोन यायचे, त्या एकच विचारायच्या. बर्फ पडला का? ऑक्टोबरातही बर्फ, नोव्हेंबरातही बर्फ. मला याचा राग यायला लागला. बर्फ येतो तो भूमध्य समुद्राकडून निघालेल्या पश्चिमी विक्षोभांच्या कृपेने, कधी डिसेंबरच्या शेवटी, कधी जानेवारी-फेब्रुवारीत, कधी येतच नाही. 2024 चा जानेवारी इथे जवळजवळ कोरडाच गेला, ते लोक अजून सांगतात. पण पाऊस थांबल्यापासून बर्फ पडेपर्यंतचे जे तीन महिने आहेत, ज्यात या डोंगरावरचं वर्षातलं निम्मं काम होतं, त्याबद्दल कुणी विचारत नव्हतं.

विचारायचे ते फक्त अप्पा, माझे वडील.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. डिसेंबर उजाडला की मराठी पेपरांत निफाडचं नाव येतं, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा किती उतरला ते. इकडच्या हिंदी पेपरांत तसंच मुक्तेश्वरचं येतं, कारण इथे हवामान खात्याची जुनी वेधशाळा आहे. थंडीच्या बातम्यांतून मी थंडीच्या बातम्यांतच आले, असं आई म्हणते. पण आमच्या घरी थंडी म्हणजे संकट होतं. द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणी झाली की काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावायची, म्हणजे सगळे डोळे एकदम फुटतात. वेलीला झोपू द्यायचंच नाही. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, दोन्ही वेळा तिला कापून जागं करायचं. ऐन डिसेंबरात मणी फुगवणीला आलेले असतात आणि तेव्हाच उत्तरेचं वारं सुटतं. फुगवण थांबते, आणि ज्या घडांत पाणी उतरलंय त्यांचे मणी तडकतात. एका रात्रीत वर्षाची मेहनत जाते. अप्पा संध्याकाळी ओट्यावर उभे राहून नुसतं आभाळाकडे बघायचे. ढग असले तर जेवायला बसायचे. आभाळ स्वच्छ आणि वारा पडलेला असला तर न बोलता कंदील पुसायला घ्यायचे, कारण अशा रात्री जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते. पहाटे तीनला आम्हा भावंडांना उठवायचे. बागेत ठिकठिकाणी काडीकचऱ्याच्या शेकोट्या पेटवायच्या, विहिरीचं कोमट पाणी सोडायचं. धुरामुळे डोळ्यांतून पाणी यायचं, पायाची बोटं बधिर व्हायची आणि त्या धुरातून अप्पांचा खोकला ऐकू यायचा. लग्न होऊन पुण्याला गेले, तिथे थंडी म्हणजे हुरडा, मटार आणि सकाळचं फिरणं. पण स्वच्छ चांदण्याची रात्र पाहिली की पोटात कालवायचं, ते कधी गेलं नाही.

इथे नोव्हेंबरात रोजच स्वच्छ चांदणं. समोरच्या अंधारात अल्मोड्याचे दिवे, वर तारे, आणि मी खिडकीत उभी, छातीत जुनी धडधड घेऊन. मग मी अप्पांसारखीच काही ना काही काम काढायची. लाकडं रचायची. लाकूड आम्ही विकत घेतलं होतं, पण पेटवायला छिलुक आमाने दिले. चिडाच्या बुंध्यातली राळेने भरलेली ढलपी, मधाच्या रंगाची, हाताला चिकट. एक काडी लावली की टर्पेंटाइनचा वास सुटतो आणि ती काळा धूर सोडत तडतडत जळते, वाऱ्यातही विझत नाही. बांजाचं लाकूड उलट, सुरुवातीला कंटाळा आणतं पण एकदा धरलं की निखारा रात्रभर टिकतो. सगड़ीत असे निखारे घेऊन आम्ही दोघं चाखेत बसायचो. साडेपाचनंतर अंधार, सहाला बाहेर चिटपाखरू नाही, बिबट्याच्या भीतीने गुरंही केव्हाच आत. पुण्यात त्या वेळी आमचा दुसरा चहा व्हायचा. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मला फार जड गेल्या. घरात दोन माणसं, बोलायचं सगळं बोलून झालेलं, आणि रात्र अजून बारा-तेरा तासांची.

आमाच्या प्रश्नाचा उलगडा याच दिवसांत, तिच्या पटांगणात झाला. लहानपणी तिचं सगळं गावच हिवाळ्यात खाली जायचं. पिकं घरात आली की गुरं, भांडी, पोरं घेऊन दोन-तीन दिवस चालत भाबरात, म्हणजे डोंगरपायथ्याच्या पट्ट्यात, हल्द्वानीच्या बाजूला. जंगलाच्या कडेला गवताची छपरं घालायची, ऊन शेकायचं, थोडी शेती करायची आणि फाल्गुन-चैत्रात परत वर. हे सांगताना ती हसत होती, तिला त्या वाटेवरचे मुक्काम अजून पाठ आहेत. मला इतके दिवस तो प्रश्न परकेपणाची खूण वाटत होता. तिच्या लेखी हिवाळ्यात खाली जाणं म्हणजे शहाण्या माणसाची जुनी रीत होती, आणि परत येणं त्या रीतीतच धरलेलं होतं. पुढचं बोलताना मात्र ती हसली नाही. आता जातात ते येत नाहीत. तिचा एक मुलगा इथे, दोन खाली. या जिल्ह्याला लागून असलेल्या अल्मोड्याची आणि पलीकडच्या पौडी गढवालची लोकसंख्या 2001 ते 2011 या दहा वर्षांत वाढली नाही, घटली. राज्याच्या पलायन, म्हणजे स्थलांतर, आयोगाने 2018 च्या अहवालात मांडलं, की 2011 नंतर 734 गावं निर्मनुष्य झाली. समोरच्या पाख्यावर ज्या घरांत दिवा लागत नाही ती मला आता मोजता येतात. काही गेलेल्यांची आहेत, काही आमच्यासारख्या आलेल्यांची, जी मे-जूनमध्ये उघडतात. अंधारात दोन्ही सारखीच दिसतात, आणि आपण यांतल्या कुठल्या घरात राहतोय या विचाराने मला अजूनही अवघडल्यासारखं होतं.

नोव्हेंबरच्या मध्यावर एक गोष्ट घडली, तिच्यासाठी मी तयार नव्हते. बागांतली पानं गळत होती, गवत पिवळं पडलं होतं, आणि पाण्याच्या टाकीपाशी उभं असलेलं एक झाड गुलाबी फुलांनी भरून गेलं. पदम, इथले लोक पयां म्हणतात. चेरीच्या कुळातलं रानझाड. बाकीच्या चेऱ्या वसंताची वाट बघतात, हा हिवाळ्याच्या तोंडावर फुलतो. जवळ गेले तर झाड गुणगुणत होतं. शेकडो मधमाश्या, पाकळ्यांच्या आत तोंड खुपसून, पायांना परागाचे फिकट पिवळे गोळे. चढत्या उन्हात, साधारण दहा ते तीन, एवढीच त्यांची वेळ. ऊन सरलं की झाड एकदम मुकं व्हायचं. भिंतीतल्या कोनाड्यात मधमाश्या पाळणारा आमाचा मुलगा, त्याला मी दाज्यू, म्हणजे दादा, म्हणते, तो म्हणाला की पयां नसता तर माश्यांनी हिवाळा कशावर काढला असता. हे झाड तोडत नाहीत, लग्नकार्यात त्याची डहाळी लागते. मी रोज दहा वाजता तिथे जाऊन उभी राहायला लागले. बहर ओसरून गुलाबी पाकळ्या वाटेवर पडल्या, तोवर माझी संध्याकाळची धडधडही कमी झाली होती. या दोन्हींचा संबंध होता का, सांगता येत नाही.

डिसेंबर आला तो पाल्याने. पाला म्हणजे इथे झाडाचा नव्हे, तर हवेतल्या बाष्पाचं थेट गोठलेलं रूप, हे पुस्तकात वाचलं होतं. पहाटे राईच्या पानाशी गुडघ्यावर बसून पाहिलं, तर पानाच्या दातेरी कडेवर एकेका दातरीला पांढरे काटे फुटलेले, पानाच्या शिरांवर त्याहून बारीक, आणि मध्ये जिथे रात्री दुसऱ्या पानाची सावली होती तिथे काहीच नाही. म्हणजे ज्या भागाला थेट आभाळ दिसलं तोच गोठला. अप्पांच्या ओट्यावरचं शास्त्र एका पानावर लिहिलेलं. मातीत तर आणखी नवल. ओलसर बांधाच्या कडेला जमिनीतून बोटभर उंचीच्या बर्फाच्या सुया उभ्या राहिल्या होत्या, दाट, काचेसारख्या, आणि प्रत्येकीने डोक्यावर मातीचा कण उचलून धरलेला. पाय ठेवला की कुरकुर आवाज करत मोडायच्या. दहा वाजता ऊन आलं की खाली नुसता चिखल. घराच्या उत्तरेला मात्र पाला दिवसेंदिवस तसाच राहतो. नाताळच्या सुमारास भर दुपारीही सूर्य इथे क्षितिजापासून 37 अंशच वर चढतो, निफाडला 46 चढतो. दिवसही तिथल्यापेक्षा अर्ध्या-पाऊण तासाने लहान. म्हणून इथे उन्हाला जागेसारखा भाव आहे. कुणाच्या पटांगणात ते किती वाजता येतं, कुणाच्या छपरावरून किती वाजता जातं, हे गावात सगळ्यांना पाठ. रात्री नळ थोडा ठिबकत ठेवायचा, नाहीतर नळीत पाणी गोठून सकाळी नळी फुटते, हे सांगायला तीन घरांतून तीन माणसं आली.

उन्हाची खरी मजा नींबू सानण्यात. दुपारी जेवणं झाल्यावर बायका एका पटांगणात जमतात. इथलं नींबू नारळाएवढं, जाड सालीचं. ते सोलून फोडी मोकळ्या करायच्या, मुळा लांब उभा चिरायचा, भांगेच्या बिया तव्यावर तडतडेपर्यंत भाजून हिरवी मिरची, कोथिंबीर आणि मिठाबरोबर पाट्यावर वाटायच्या. या बियांनी नशा येत नाही, खमंग तिळासारखी चव येते. मग दही, गूळ आणि हे सगळं परातीत घालून हाताने कालवायचं. आंबट, तिखट, गोड, गार, एकाच घासात. दात आंबतात, डोळ्यांत पाणी येतं, पाठ उन्हाने तापलेली असते. सावलीत बसून हे कुणी खात नाही. मला मुळा चिरायला दिला, आणि चिरता चिरता मी कुळथाच्या पिठल्याबद्दल सांगितलं. इथेही कुळीथच, गहत म्हणतात, हिवाळ्यात ते वाटून त्याचं डुबका नावाचं कालवण करतात. नाचणीची भाकरीही आहे, मडुव्याची. सगळ्याजणी ऐकत होत्या. एकीने विचारलं, तुमच्या गावातही थंडी असते? मी शेकोट्यांचं सांगितलं. "पेड़ को आग तापते हैं?" म्हणून त्या खूप हसल्या, मग गंभीर झाल्या, आणि घड तडकल्यावर काय करता असं आमाने विचारलं.

पुण्याहून मुक्तेश्वरला येणारे आम्ही पहिले नव्हे. 1889 मध्ये पुण्यात गुरांच्या रोगांवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा सुरू झाली आणि 1893 मध्ये ती तिथून उचलून इथे आणली. बुळकांडीसारख्या साथीवर काम करायचं तर वस्तीपासून लांब आणि थंड जागा हवी होती. देवदारांमधल्या त्या दगडी इमारती अजून उभ्या आहेत. बुळकांडी जगातून गेल्याचं 2011 मध्ये जाहीर झालं. त्या बाजूने फिरताना मला खतड़ुव्याच्या मशाली आठवतात, गोठ्यातून रोग जाऊ दे म्हणणाऱ्या. ज्या गारठ्याला आम्ही घरात शिव्या द्यायचो, तो इथे कुणीतरी शोधत आलं होतं.

डिसेंबर संपताना दाज्यूच्या बागेत छाटणी सुरू झाली. झाडं पूर्ण उघडी, करडी, कळ्या घट्ट मिटलेल्या. मी म्हटलं, किती थंडी आहे, झाडांना काही होत नाही? तो आभाळाकडे बघून नाराजीने म्हणाला, "अभी कहाँ ठंड पड़ी है, दीदी." मग त्याने सांगितलं. जुन्या डेलिशस सफरचंदाला सात अंशांच्या खालचे हजार-बाराशे तास लागतात. तेवढी झोप झाली नाही तर वसंतात डोळे नीट फुटत नाहीत, फूल मागेपुढे येतं, फळ धरत नाही. त्याच्या वडिलांच्या वेळी बर्फ पायऱ्यांवर महिनाभर असायचा. आता हिवाळे उबदार झालेत, सफरचंद कमी होत चाललंय, लोक पीच आणि आलूबुखाऱ्याकडे वळलेत. तो रोज रात्री आभाळ बघतो, अप्पा बघायचे तसंच. फक्त ढग आले की याचा चेहरा पडतो.

हे सगळं मी अप्पांना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाले, "रोजचे बारा तास धरले तरी शंभर दिवस होतात गं. नोव्हेंबरपासून मोजायला पाहिजेत." आयुष्यभर ज्या थंडीशी ते भांडले, तिचा हिशेब त्यांनी असा मिनिटभरात मांडला. तेव्हापासून मी पटांगणात थर्मामीटर टांगलाय आणि वही केलीय. रात्री किती वाजता पारा सातच्या खाली गेला, सकाळी किती वाजता वर आला. रोज आठला त्यांचा फोन येतो. काल निफाडला साडेसहा होतं, पहाटे गड्याने शेकोट्या पेटवल्या, ते सांगायच्या आधी त्यांनी विचारलं, "तुमचे किती भरले?" मी म्हटलं, काल पंधरा तास. "बरं आहे," म्हणाले. मग दाज्यूच्या छाटणीचं निघालं. त्याने एक फांदी मला कापू दिली होती. "डोळ्याच्या वर केवढं अंतर ठेवलंस? फोटो पाठव, काप तिरका घेतलायस का बघतो."